ओव्हन लावला की ईएलसीबी पडतो: पावसाळ्यात दरवर्षी येणाऱ्या बिघाडाचा शोध

जून संपत आला की पुण्यात घरगुती ओव्हनची एक तक्रार हमखास सुरू होते आणि ती गणपतीपर्यंत चालते. उन्हाळाभर ओव्हन ओट्याच्या कोपऱ्यात झाकून ठेवलेला असतो. एखाद्या रविवारी केकचं मिश्रण घोटून तयार होतं, ओव्हन तापायला लावला जातो आणि अख्ख्या घराची वीज जाते. ईएलसीबी, म्हणजे वीज गळू लागली की लाइन तोडणारा बोर्डातला खटका, वर केला की पुन्हा पडतो. चार दिवसांनी लावून बघावा तर बिनतक्रार चालतो, आणि पुढच्या महिन्यात परत तेच.

मग दुरुस्तीवाला येतो आणि या दुखण्यावरचा सगळ्यांत लोकप्रिय उपाय करून जातो: "वहिनी, अर्थची वायर काढून टाकलीय, आता पडणार नाही बघा." खरंच पडत नाही. कारण गळणाऱ्या विजेला जमिनीत जायची वाटच राहिलेली नसते. ती ओव्हनच्या पत्र्यावर येऊन थांबते. आता ईएलसीबी पडेल तो तुम्ही ओल्या हाताने दार उघडाल तेव्हा, म्हणजे आधी शॉक आणि मग बचाव. घरात ईएलसीबी नसेल तर तोही नाही. कुणी अशी दुरुस्ती करून गेलं असेल तर ओव्हन आजच प्लगमधून काढून ठेवा. बाकीचं नंतर वाचलं तरी चालेल.

हा बिघाड शोधणं अवघड नाही. कुठला पार्ट गेला या प्रश्नापासून सुरुवात केली की घोळ होतो. आधी बघायचं ते हे, की ईएलसीबी नेमका कधी पडतो. पडण्याची वेळच बिघाडाची जागा सांगते.

पुढचं सगळं साध्या ओटीजीबद्दल आहे, म्हणजे गोल फिरवायच्या बटणांचा, आत वर-खाली रॉड असलेला ओव्हन. मायक्रोवेव्हचं झाकण घरी उघडायचं नाही. त्यातल्या कपॅसिटरमध्ये दोन हजार व्होल्टच्या घरातला चार्ज प्लग काढल्यावरही राहू शकतो. तिथे हौस नको.

काय पडलं ते आधी बघा

बोर्डातल्या ज्या खटक्यावर टेस्टचं छोटं बटण असतं तो ईएलसीबी. नव्या बोर्डांवर आरसीसीबी असं छापलेलं दिसेल, पण वायरमनपासून सोसायटीच्या सेक्रेटरीपर्यंत सगळे त्याला ईएलसीबीच म्हणतात. फेजने गेलेली वीज आणि न्यूट्रलने परत आलेली वीज यांत फरक पडला की तो पडतो. घरगुती ईएलसीबीवर ३० मिलिअँपिअर लिहिलेलं असतं. नियमाप्रमाणे तो ३० ला पडलाच पाहिजे आणि १५ पर्यंत पडता कामा नये, म्हणजे प्रत्यक्षात या दोहोंच्या मध्ये कुठेही पडू शकतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे उपयोगी येईल.

टेस्टचं बटण नसलेला बारका खटका म्हणजे एमसीबी. तो जास्त लोडने किंवा शॉर्टने पडतो. ओव्हन लावल्यावर फक्त एमसीबी पडत असेल तर बहुधा एकाच लाइनवर ओव्हन, मिक्सर आणि इंडक्शन लावलेलं असतं, किंवा ओव्हनच्या आत फेज आणि न्यूट्रल एकमेकांना चिकटलेले असतात. लाइन मोकळी करून फक्त ओव्हन लावला तरी क्षणात पडला तर शॉर्ट समजा. एवढंच. आपला आजचा विषय ईएलसीबी आहे.

कधी पडतो?

टायमर फिरवला त्याच क्षणी पडला तर गळती मोठी आहे. रॉडच्या आतली तार बाहेरच्या नळीला टेकलेली असते किंवा एखादी वायर पत्र्यावर घासून सोललेली असते.

टायमर फिरवल्यावर अर्ध्या मिनिटात किंवा चार-पाच मिनिटांनी पडला, दुसऱ्यांदा जरा जास्त वेळ टिकला, तिसऱ्यांदा त्याहून जास्त, आणि शेवटी पडायचाच थांबला, तर ती ओल आहे. पुण्यातली पावसाळी तक्रार बहुतेक वेळा हीच असते आणि तिच्यावर खाली सविस्तर लिहिलं आहे. गंमत अशी की दुरुस्तीवाला येईपर्यंत ओव्हन "बरा" झालेला असतो. तो म्हणतो काही नाही, तुम्ही म्हणता काल पडत होता, आणि दोघंही खरं बोलत असता.

याच्या उलट, ओव्हन रोज वापरात असूनही चांगला तापल्यावर, पंधरा-वीस मिनिटांनीच पडत असेल आणि दर वेळी पडत असेल, तर ओलीचा संशय सोडा. गरम झाल्यावर रॉड लांबतो आणि नळीची बारीक चीर उघडते, किंवा आतल्या वायरचं आवरण तापून नरम पडतं. असा रॉड सुकवून उपयोग नसतो, तो बदलावाच लागतो.

आता एक चमत्कारिक प्रकार. ओव्हन बंद आहे, भिंतीवरचं बटणही बंद आहे, फक्त प्लग खोचलेला आहे, आणि तरी दिवसातून कधीही, बऱ्याचदा फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू होताना किंवा कुणी इस्त्री लावल्यावर ईएलसीबी पडतो. घरातले लोक फ्रिजला दोष देतात. पण भिंतीवरचं बटण फक्त फेज तोडतं, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. ओव्हनमध्ये न्यूट्रलची बाजू पत्र्याला टेकलेली असली, तर घरात दुसरं काही चालू झाल्यावर न्यूट्रलने परत जाणाऱ्या विजेतली थोडी ओव्हनच्या अर्थिंगमधून निसटते. ईएलसीबीला तेवढं पुरतं. पण न्यूट्रल आणि अर्थमध्ये व्होल्टेज जेमतेम एक-दोन असतं, त्यामुळे नुसत्या ओलीने असं होत नाही. धातूला धातू लागलेला आहे, असंच समजायचं. प्लग काढून ठेवल्यावर दोन दिवस ईएलसीबी पडला नाही तर चोर सापडला.

शेवटचा प्रकार सकाळचा. गीझर, वॉशिंग मशीन आणि ओव्हन एकत्र चालू असले तरच पडतो, एकेकटं काहीही चाललं तर पडत नाही. प्रत्येक उपकरणाची थोडी थोडी गळती असते. गीझरची आठ, मशीनची चार आणि ओव्हनची दहा मिलिअँपिअर अशी बेरीज झाली की बावीस होतात, आणि वर म्हटल्याप्रमाणे पंधराच्या पुढे कुठेही ईएलसीबी पडू शकतो. अशा वेळी शेवटी लावलेल्या उपकरणावर आळ येतो. गुन्हा बऱ्याचदा गीझरच्या जुन्या कॉइलचा निघतो.

प्लगच्या तीन पिनांवर अर्धं निदान

एकही स्क्रू न उघडता बरंच कळतं. साधा डिजिटल मल्टीमीटर हवा. प्लग भिंतीतून पूर्ण बाहेर काढा, नुसतं बटण बंद करून भागणार नाही. जुन्या वायरिंगमध्ये फेज आणि न्यूट्रल उलटे जोडलेले असले तर बटण बंद असतानाही ओव्हनमध्ये फेज असतो.

ओव्हन थंड असताना टायमर चालू करा, तापमानाचं बटण शेवटपर्यंत न्या आणि दोन्ही रॉड चालू होतील असं सिलेक्टर ठेवा. आता प्लगच्या खालच्या दोन पिनांमधला रेझिस्टन्स मोजा. किती यायला हवा ते घरी काढता येतं: २३० गुणिले २३० म्हणजे ५२,९००, त्याला ओव्हनच्या वॅटने भागा. १५०० वॅटच्या ओव्हनला साधारण ३५ ओहम, १२०० ला ४४ आणि २००० ला २६. दोन-तीन ओहम इकडेतिकडे झाले तर काळजी नको. ३५ च्या जागी ७० आले तर वरच्या किंवा खालच्या रॉडची एक जोडी मेली आहे. सिलेक्टर फिरवत गेलात की कोणती तेही कळेल. काहीच आलं नाही तर टायमर, थर्मोस्टॅट, थर्मल फ्यूज (ओव्हन फार तापला की कायमचा उडणारा फ्यूज) किंवा वायर यांपैकी काहीतरी तुटलं आहे.

आता गळतीकडे या. मीटर मेगाओहमच्या रेंजवर ठेवा, बीप वाजवणाऱ्या रेंजवर नको. मीटरची एक काडी (प्रोब) वरच्या मोठ्या पिनेला, म्हणजे अर्थला लावा आणि दुसरी खालच्या दोन पिनांना आळीपाळीने. सिलेक्टरच्या प्रत्येक जागी हे करा. धड ओव्हनमध्ये मीटर काहीच दाखवणार नाही. २३० व्होल्टला ३० मिलिअँपिअर गळायला साधारण ७,७०० ओहम लागतात आणि १५ मिलिअँपिअरला साधारण १५,०००. म्हणजे फेजच्या पिनेवर आकडा १५,००० च्या खाली असला तर ईएलसीबी पडण्यात आश्चर्य नाही. काही लाख ओहम दिसले तर ओल धरली आहे आणि तापल्यावर गळती वाढू शकते. पंचवीस-तीस ओहमसारखा किरकोळ आकडा आला तर तार थेट नळीला टेकली आहे. तेव्हा फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ या दोन आकड्यांची बेरीज करून बघा. ती एका जोडीच्या एकूण ओहमइतकी आली तर तार तुटलेली नाही, मधेच कुठेतरी टेकली आहे, आणि दोन आकड्यांच्या प्रमाणावरून कुठे टेकली त्याचा अंदाजही येतो.

मल्टीमीटरला एक मर्यादा आहे. तो काही व्होल्टवर मोजतो आणि ओव्हन २३० वर चालतो. त्यामुळे मीटर "सगळं ठीक" म्हणाला तरी ईएलसीबी पडू शकतो. खात्रीसाठी ५०० व्होल्टचा मेगर, म्हणजे जास्त व्होल्टवर गळती मोजणारं मीटर, लागतो. तो चांगल्या वायरमनकडे असतो. त्यावर एक मेगाओहमच्या वर आकडा आला की निर्धास्त राहावं.

त्याच बैठकीत अर्थची पिन आणि ओव्हनचा पत्रा यांच्यामधला रेझिस्टन्सही मोजा. काडी रंगावर नको, उघड्या स्क्रूवर टेकवा. एक ओहमच्या आत यायला हवा. मीटर काहीच दाखवत नसला तर वर सांगितलेली "दुरुस्ती" तुमच्याकडे आधीच होऊन गेली आहे.

ओल जाते कुठे आणि काढायची कशी

ओव्हनच्या रॉडमध्ये नायक्रोमची तार असते आणि तिच्याभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पांढरी पूड गच्च दाबून भरलेली असते. ही पूड उष्णता जाऊ देते आणि वीज अडवते. तिचा एकच दोष म्हणजे ती हवेतली ओल ओढते. नळीच्या दोन्ही टोकांना सील असतं, पण वर्षानुवर्षं तापून ते तडकतं. मग पावसाळ्यात न वापरता ठेवलेला ओव्हन पाषाणच्या डोंगराकडच्या फ्लॅटमध्ये असो की मुठेकाठच्या तळमजल्यावर, आपोआप ओला होतो. (काचेच्या क्वार्ट्झ नळ्यांच्या ओव्हनला हा त्रास नाही, त्यांत पूडच नसते.) दुसरं कारण आपण स्वतः: आत ओलं फडकं फिरवणं आणि रॉडच्या टोकांवर क्लीनरचा फवारा मारणं.

सुकवायची सगळ्यांत सोपी युक्ती अशी. सिलेक्टरवर आधी फक्त वरचा रॉड लावा, मग फक्त खालचा. एकाच बाजूला ईएलसीबी पडत असेल तर दुसरी बाजू १५० अंशांवर अर्धा-पाऊण तास रिकामी चालवा. तापलेल्या पेटीत ओला रॉड आपोआप सुकतो. मग आजारी बाजू लावून बघा. दोन्ही बाजूंना पडत असेल तर रॉड काढून दुसऱ्या चांगल्या ओव्हनमध्ये १२० ते १५० अंशांवर तास-दोन तास ठेवावे लागतात. दुरुस्तीवाल्याला हे सांगा. बरेच जण थेट नवीन रॉड टाकतात, त्यात त्यांचाही वेळ वाचतो.

ईएलसीबी पडू नये म्हणून ओव्हन ईएलसीबी नसलेल्या लाइनवर लावून सुकवायचा सल्ला सर्रास दिला जातो. पक्कं अर्थिंग तपासलेल्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिकने ते केलं तर त्याचं तो बघेल. घरी करू नका.

सुकवल्यावर पावसाळ्यात दर आठवड्याला वीस मिनिटं ओव्हन रिकामा चालवला तर तक्रार सहसा परत येत नाही. तरीही दर पंधरा दिवसांनी येत असेल तर सील पार गेलं आहे. नवीन रॉड घ्या.

रॉड घेताना

तापकीर गल्लीत रॉड, थर्मोस्टॅट, टायमर सगळं मिळतं. जुना रॉड काढून सोबत न्या, फोटोवर भागत नाही. लांबी आणि टोकांची जात तर दुकानदार बघेलच, तुम्ही व्होल्टेज बघा. अनेक ओटीजींमध्ये वरचे दोन रॉड एकापुढे एक जोडलेले असतात आणि प्रत्येक रॉड ११५ व्होल्टच्या आसपासचा असतो. म्हणून तर एक गेला की दोन्ही थंड पडतात. अशा जोडीत ३७५ वॅटचाच पण २३० व्होल्टचा रॉड घातला तर हिशेब बिघडतो: जुना ३५ ओहमचा, नवा १४१ चा, बेरीज १७६. म्हणजे ७५० वॅटच्या जागी ३०० वॅट. ओव्हन चालू दिसतो, ईएलसीबी पडत नाही आणि नानकटाई वरून पांढरीफटक राहते. "रॉड बदलल्यापासून भाजतच नाही" या तक्रारीच्या मागे हे असू शकतं. दुकानातच मीटर लावून दोन्ही रॉडचे ओहम जुळवून घ्या.

आतली एखादी वायर बदलायची वेळ आली तर काचतंतूच्या आवरणाची किंवा सिलिकॉनचीच घ्या. साध्या पीव्हीसी वायरचा तुकडा लावून दिला तर तो वितळतो आणि गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. थर्मल फ्यूज तेवढ्याच अंशांचा हवा आणि तो दाबून जोडायचा असतो. सोल्डरिंगच्या उष्णतेने तो जागच्या जागी उडतो. फ्यूज काढून थेट तार जोडणारे महाभागही आहेत, त्यांना घरात घेऊ नका.

जुन्या घरांचं वेगळं दुखणं

पेठांमधल्या वाड्यांत आणि जुन्या सोसायट्यांत अजून कित्येक ठिकाणी दोनच वायरी फिरवलेल्या आहेत. सॉकेटला तिसरं भोक असतं, पण त्यामागे काही नसतं. अशा घरात ओव्हनला हात लावला की झिणझिण्या येतात, टेस्टर पत्र्यावर पेटतो, आणि ओव्हन नवा असला तरी हे होतं. त्याहून वाईट म्हणजे सॉकेटच्या आतच न्यूट्रलमधून एक तुकडा काढून अर्थच्या पिनेला जोडलेला असतो. टेस्टर पेटायचा थांबतो, सगळे खूश होतात. मागे कुठे न्यूट्रल सुटला तर पूर्ण २३० व्होल्ट ओव्हनच्या पत्र्यावर येतात.

मीटरने सॉकेट तपासताना फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ हे दोन्ही साधारण सारखे, २३० च्या आसपास यावेत. फेज-अर्थ बराच कमी आला तर अर्थिंग नाही. न्यूट्रल-अर्थ सहसा एक-दोन व्होल्ट येतो. इस्त्री चालू असतानाही तो ठार शून्य राहिला तर तो न्यूट्रलचा तुकडा असू शकतो, वायरमनकडून सॉकेट उघडून बघून घ्या. चालत्या लाइनवर काडी धरायची सवय नसेल तर हे सगळंच त्याच्यावर सोपवा.

ओव्हन १६ अँपिअरच्या पॉवर सॉकेटवरच हवा आणि मागची तांब्याची वायर २.५ चौरस मिलिमीटरची. १५०० वॅटचा ओव्हन साडेसहा अँपिअर ओढतो, म्हणजे सहा अँपिअरच्या साध्या सॉकेटवर तो पहिल्या दिवसापासूनच जास्त आहे. मोठा प्लग छोट्या सॉकेटात बसवणारा कन्व्हर्टर लावून चालवला की पिना काळ्या पडतात, प्लग हाताला गरम लागतो, आणि मग ओव्हन मधेच बंद पडतो तो ओव्हनच्या दोषाने नव्हे.

ओव्हन बिघडलाच नसेल तर

संध्याकाळी केक कच्चा राहतो आणि दुपारी नीट होतो, तर व्होल्टेज मोजा. १९० व्होल्टला रॉड अडुसष्ट टक्केच तापतो, १५०० वॅटचा ओव्हन हजारावर येतो. तक्रार महावितरणकडे करायची, मेकॅनिककडे नव्हे.

भिंतीत बसवलेल्या डिजिटल ओव्हनची तक्रार शुक्रवारी आली तर आधी विचारावं, काल लाइट गेली होती का. पुण्यात देखभालीची वीजबंदी गुरुवारची. वीज परत आल्यावर घड्याळ शून्यावर लुकलुकत राहतं, आणि वेळ लावेपर्यंत अनेक ओव्हन तापतच नाहीत. घड्याळ लावा, चालू होईल.

दुरुस्तीवाल्याला फोन करताना "ओव्हन खराब झालाय" एवढंच सांगू नका. काय पडतं, टायमर फिरवल्यावर किती वेळाने पडतं, वरच्या रॉडवर की खालच्या, आणि पिनांवर किती ओहम आले, हे सांगा. काम झाल्यावर त्याच्यासमोरच अर्थची पिन आणि पत्रा पुन्हा मोजा, दोन्ही रॉड २०० अंशांवर अर्धा तास चालवा, आणि मग ईएलसीबीचं टेस्ट बटण दाबा. बटण दाबूनही तो पडला नाही तर मेकॅनिकला जाऊ द्या आणि वायरमनला बोलवा. ईएलसीबीच बदलायचा आहे.